आक्काला वरची जागा

घरात कोण कुठं झोपतं हे कुणी ठरवत नाही, ते आपोआप ठरून गेलेलं असतं. गाडीत मात्र ठरवावं लागतं, आणि ठरवणाऱ्याचा स्वभाव तिथं उघडा पडतो. बद्रीनाथ पठाडेचा पडला नाही. उलट त्याचं चारचौघांत कौतुक झालं. ते कौतुक त्याला आजवर पचलेलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

बद्रीनाथ वेल्डर. आधी औरंगाबादच्या चिकलठाण्याला आणि मग वाळूजला, अशी मिळून पस्तीस वर्षं त्यानं लोखंडाला लोखंड जोडलं आणि दोन हजार सात साली साठीला निवृत्त झाला. निवृत्त झालेल्या माणसाचे हात फार वाईट. स्वस्थ बसत नाहीत. सहा महिन्यांत त्यानं मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीतली सगळी फाटकं दुरुस्त केली, त्यात न बिघडलेलीही आली. बायको द्वारकाबाई म्हणायची, "आता यांना कुणीतरी बाहेरगावी न्या, नायतर हे घराला चाकं लावतील."

आणि झालंही काहीसं तसंच. माघात एका सकाळी गंगापूरकडच्या गावाहून त्याची थोरली बहीण, चतुराबाई, एसटीनं आली. सगळे तिला आक्का म्हणत. एकाहत्तर वर्षांची, अंगानं काटक, तोडून बोलणारी. पायरीवर पाय ठेवता ठेवताच म्हणाली, "रिकामा झालास न्हवं? मंग चल आता बद्रीनाथाला. आईचा नवस राहिलाय."

हा नवस बद्रीनाथाच्या नावातच होता. त्याच्या आधीची दोन पोरं आईच्या मांडीवरच गेली होती. तिसऱ्या वेळी गावच्या मारुतीच्या पारावर उतरलेल्या एका बैराग्यानं बद्रीनाथाचा प्रसाद दिला, आणि आईनं बोलून टाकलं, हा जगला तर देवाचं नाव ठेवीन आणि त्याच्या पायावर नेऊन घालीन. तो जगला. पण तो पाळण्यात होता तेव्हाच निजामाच्या रझाकारांची धामधूम सुरू झाली, आणि पठाड्यांनी बैलगाडीत संसार भरून गोदावरी ओलांडली, नगर जिल्ह्यात नातेवाइकांकडे गेले. पोलीस ॲक्शन झाल्यावर त्याच गाडीनं परत निघाले तेव्हा आई तापानं फणफणली होती. तीन मुक्काम झाले. मुक्कामाला आई गाडीत झोपायची, बद्री गाडीच्या आसाला बांधलेल्या झोळीत, आणि अकरा वर्षांची चतुरा गाडीखाली मातीत. झोळीची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. पोर चुळबुळलं की झोपेतच पाय हलवायची. आई त्याच हिवाळ्यात गेली, आणि जाताना नवस पोरीच्या ओटीत टाकून गेली. पुढं चतुराचं लग्न झालं, तिशीच्या आत नवरा गेला, तिनं एकटीनं शेत केलं, भावाला आयटीआयला घातलं, दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाकरीचं गाठोडं पाठवलं. नवस मात्र तसाच राहिला. साठ वर्षं.

तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता जायचं कसं याचा. आक्काला धर्मशाळेच्या गादीवर झोप येत नसे. कोण कोण लोळून गेलं असेल, म्हणायची. मग बद्रीनाथाच्या हातांना काम मिळालं. गल्लीतल्या रामकिसनची बारा सीटची गाडी होती, लग्नकार्याला भाड्यानं फिरायची. तो म्हणाला, मागच्या सीटा काढा, काय करायचं ते करा, फक्त सगळं नटबोल्टवर ठेवा, माघारी आल्यावर मला सीटा परत बसवायच्यात. झालं. बद्रीनाथानं अंगणात खडूनं गाडीचा पूर्ण मापाचा नकाशा काढला आणि त्या नकाशात आठवडाभर तो उठबस करत राहिला. द्वारकाबाईला धुणं वाळत घालायला जायचं तर खडूच्या दारातून आत शिरावं लागे.

शेवटी ठरलं ते असं. गाडीच्या मागच्या भागात डावीकडं दोन बर्थ, एकावर एक, आणि उजवीकडं तसेच दोन. पुढची लांब सीट चुलतभाऊ आप्पासाहेबाला, कारण तो घोरायचा आणि त्याच्यापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं बरं. रामकिसनची खाट टपावर बांधायची, मुक्कामाला तो ती उतरवून गाडीबाहेर झोपणार. राहिले चार बर्थ आणि चार माणसं: आक्का, बद्रीनाथ, द्वारकाबाई आणि आप्पासाहेबाची बायको आशाबाई.

उजवीकडचा वरचा बर्थ तयार झाला त्या दुपारी बद्रीनाथ तो कसा झालाय हे बघायला स्वतः वर चढला आणि उताणा पडला. टप नाकापासून दीड हातावर. पत्रा तापलेला. पहिल्या क्षणी त्याला काही वाटलं नाही. दुसऱ्या क्षणी छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. कसाबसा कडेला सरकून तो खाली घसरला आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिला, घामानं निथळत. साठ वर्षांचा गडी, पस्तीस वर्षं टाक्यांच्या आत शिरून वेल्डिंग केलेला, आणि दोन मिनिटं झोपता येईना? त्याला स्वतःचीच लाज वाटली. द्वारकाबाई चहा घेऊन आली. "काय झालं हो?"

"काय नाय. धूर गेला नाकात."

त्या दिवशी वेल्डिंग झालंच नव्हतं. पण ती काही बोलली नाही.

संध्याकाळी सगळे अंगणात जमले. आप्पासाहेब आणि आशाबाई आले, आक्का होतीच. आशाबाई अंगानं भरलेली, तिनं आधीच सांगून टाकलं, "मी वर चढले तर खाली कुणी झोपू नका, एवढंच म्हणते." सगळे हसले. डावीकडं खाली आशाबाई आणि वर तिची थोरली जाऊ द्वारकाबाई, हे सरळ लागलं. उजवीकडचंही सरळच होतं. द्वारकाबाई म्हणाली, "आक्का खाली, तुम्ही वर."

इथं बद्रीनाथाला खरं बोलता आलं असतं. मला वर कोंडल्यासारखं होतं, मी रामकिसनसारखा बाहेर खाट टाकतो, आक्काला खालची जागा द्या. तीन वाक्यं. पण आप्पासाहेब समोर होता, आणि तो हे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला असता. तेव्हा बद्रीनाथाच्या तोंडून भलतंच निघालं.

"आक्काच्या डोक्यावर मी पाय पसरून झोपू? थोरल्या बहिणीच्या?"

पठाड्यांच्या घरात ही रीत होतीच. खाली थोरलं माणूस बसलेलं असलं तर माडीवर कुणी पाय वाजवत नसे, सासरा ओट्यावर असला तर सून पायरी चढत नसे. थोरल्याच्या वर धाकट्यानं बसायचं नाही, झोपणं तर लांबच. पण ती रीत घरातली, माडीची. गाडीच्या बर्थला ती लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बद्रीनाथानं लावली, आणि लावली म्हणताच ती सगळ्यांना पटली.

"वा रं दादा!" आप्पासाहेब म्हणाला. "याला म्हणतात संस्कार!"

आक्कानं पदरानं डोळे पुसले. मग उठून गाडीपाशी गेली, वर बघितलं, बर्थच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई मान दिलास रं बद्री."

बद्रीनाथाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोलू म्हणाला, आणि सकाळी आक्का पहिल्या एसटीनं गावाला निघून गेली, कपडे आणायला. गावात तिनं घरोघर जाऊन सांगितलं की माझ्या भावानं गाडीत सगळ्यांच्या वर माझी जागा केलीय. आता ते मागं घ्यायचं तर गावापर्यंत जाऊन घ्यावं लागलं असतं. बद्रीनाथानं मनाला समजावलं की आक्का काटक आहे, झाडावर चढून चिंचा काढते. समजावल्यावर मन समजतं, आपल्याला सोयीचं असेल तेवढंच.

अक्षय तृतीया झाल्यावर ते निघाले. कन्नडचा घाट उतरून धुळे, पुढं इंदूर, पुढं ग्वाल्हेर. वैशाखातलं ऊन, खिडकीतून भट्टीचा वारा. दिवसा आक्का पुढच्या सीटवर बसायची, दिसेल ते गाव विचारायची, रामकिसनला तुझी बायको तुला कशी नांदवते म्हणून छळायची. मुक्कामाला पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्याच्या आवारात गाडी लागली की लुगड्याचा सोगा खोचून शिडीचे चार दांडे चढून वर जायची. ही शिडी बद्रीनाथानं त्याच्या बर्थच्या उशाच्या बाजूला जोडली होती, कारण पायाकडच्या बाजूला मागचं दार उघडायचं. उतरताना खालच्या बर्थच्या काठावर, त्याच्या उशीशेजारी, पाय द्यावा लागे. नकाशात ते चुकीचं वाटलं नव्हतं. खडूच्या नकाशात कुणी झोपलेलं नव्हतं.

बद्रीनाथ रोज संध्याकाळी आक्काचा तांब्या भरून वरच्या कठड्यात ठेवायचा आणि सकाळी विसळायला खाली घ्यायचा. पहिल्या सकाळी तांब्या भरलेलाच होता. त्याला वाटलं, झोप लागली असेल. दुसऱ्या सकाळी तो खाली घेताना हाताला वजन कळलं. वजनाच्या बाबतीत वेल्डरचा हात फसत नाही. तांब्या काठोकाठ होता. आदल्या दुपारच्या जेवणालाही आक्कानं दोनच घोट घेतलेले त्यानं पाहिलं होतं, आणि चारच्या चहाला ती नको म्हणाली होती, पित्त होतं म्हणून. आक्काला आयुष्यात कधी पित्त झालेलं नव्हतं.

त्यानं विचारायला हवं होतं. पण विचारलं तर उत्तर येणार, आणि उत्तर आलं तर जागा बदलावी लागणार, हे त्याला तिथंच उभ्या उभ्या कळलं होतं. त्यानं तांब्यातलं पाणी रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि तांब्या विसळून ठेवून दिला. तिसऱ्या सकाळीही तेच केलं. पुढं पुष्कळ गोष्टी त्याच्या मनातून पुसट झाल्या, पण त्या दोन झाडांच्या बुंध्याशी भिजलेली माती काही पुसट झाली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, हरिद्वार तासाभरावर असताना, आक्का भर उन्हात कुडकुडायला लागली. डोळे तांबारलेले. बद्रीनाथानं हात लावला तर अंग तव्यासारखं. "आई, झोळी बांधली," ती म्हणाली, "आता तू नीज." आशाबाई रडायला लागली. रामकिसननं गाडी कुठंही न थांबवता हरिद्वारच्या एका दवाखान्यात घातली.

डॉक्टर तरुण होता. सलाईन लावलं, रक्त घेतलं, लघवी तपासली आणि बद्रीनाथाकडं बघून चिडून म्हणाला, "माताजी पानी नहीं पीती थीं क्या? इतनी गर्मी में? किडनी में इन्फेक्शन हो गया है." बद्रीनाथानं मान खाली घातली. पुढचं डॉक्टर बोलला ते आप्पासाहेबानं ऐकलं.

बाहेरच्या बाकावर द्वारकाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.

"दुपारनंतर पाणी बंद केलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "रातीला उतरावं लागू नये म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं. मी म्हणलं, आक्का, त्यांना उठवा, नायतर मला हाक मारा. तर म्हणल्या, निजलेल्या लेकराच्या उशाशी पाय कसा ठिवू गं? त्यानं माझ्या डोक्यावर पाय नको म्हणून मला वर बसवलं, आन् मीच त्याच्या डोक्याशी पाय ठिवू?" द्वारकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही जे बोलला होता ना अंगणात, ते त्यांनी खरं धरलं. त्या दिवशी नाकात धूर गेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मीबी बोलले नाय. तुमच्याइतकंच माझंबी चुकलं."

पण तिच्याइतकं त्याचं नव्हतं, पुष्कळ जास्त होतं, हे दोघांनाही कळत होतं. बद्रीनाथ उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. साठ वर्षांपूर्वी मातीत झोपून जिनं त्याला झुलवलं, तिला त्यानं तापल्या पत्र्याखाली चढवलं होतं, आणि वर त्याला मान असं नाव दिलं होतं. तिथंच त्यानं ठरवलं की आक्का शुद्धीवर आली की सांगायचं. आप्पासाहेबाच्या समोर सांगायचं. सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. बद्रीनाथ आत गेला तेव्हा आक्का उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी आपल्या औरंगाबादी हिंदीत बोलत होती. मराठी बाईची हिंदी, त्यात बाजारातली दख्खनी मिसळलेली. शेजारची म्हातारी सहारनपूरकडची, तिला निम्मं कळत होतं आणि तेवढ्यात तिचं भागत होतं.

"ये देखो, यही मेरा भाई," आक्का म्हणाली. "इने मेरेकू गाडी में सबके उप्पर सुलाया. बोला, बहेन के सर पे मेरा पाव नक्को."

म्हातारीनं बद्रीनाथाकडं पाहून दोन्ही हात कपाळाला लावले. "ऐसा भाई भगवान सबको दे."

बद्रीनाथाच्या तोंडात वाक्य तयार होतं. रात्रभर त्यानं ते घोटलं होतं. "आक्का," तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

तिच्या तोंडाकडं त्यानं बघितलं. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले, आणि तरी ती असं तोंड करून बसली होती की जणू दवाखान्यात आलीय ती मिरवायलाच. तो बघत राहिला आणि वाक्य आतल्या आत विरघळलं.

"पाणी घे," तो म्हणाला. "डॉक्टरनं लई पाणी प्यायला सांगितलंय."

त्यानं पेला तिच्या तोंडाला लावला. तिनं सगळा संपवला. मग आणखी एक.

डोंगरावर न्यायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. थंडी, उंची, काहीच सोसायचं नाही, सरळ घरी न्या. आप्पासाहेब म्हणाला, दादा, तू रामकिसनसंगं वर जाऊन ये, नवस तुझ्याच नावाचा आहे, आम्ही आक्कापाशी बसतो. आक्काही तेच म्हणाली. बद्रीनाथ म्हणाला, "तिच्याशिवाय मी एक पाऊलबी टाकणार नाय." त्याचंही कौतुक झालं. त्या दिवसांत त्यानं काहीही केलं तरी त्याचं कौतुकच होत होतं. एखाद्याला शिक्षा द्यायची असेल तर याहून चांगली सापडणार नाही.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी सकाळी सुटका झाल्यावर सगळे गंगेवर गेले. घाटाच्या दुसऱ्या पायरीवर आक्काला खुर्चीत बसवलं. आईच्या नावानं आणलेला खण आणि नारळ तिनं मांडीवर घेतला होता. बराच वेळ ती वरच्या अंगाला, पाणी येतं त्या दिशेनं बघत होती.

"हे पाणी तिकडनंच येतं न्हवं?" तिनं रामकिसनला विचारलं.

"व्हय आक्का. बद्रीनाथाच्या पायाखालून अलकनंदा निघती, तीच ही."

"मंग झालं." तिनं नारळ बद्रीनाथाच्या हाती दिला. "सोड. आईला म्हणावं, लेकरू आणलंय. इथवर आणलंय."

इथवर. साठ वर्षं वाट बघून, चार दिवसांचा रस्ता काढून, इथवर. त्यानं नारळ पाण्यात सोडला आणि त्याला रडू फुटलं. पायरीवर बसून, तोंडावर रुमाल दाबून, तो हमसाहमशी रडला. मागं आशाबाई आप्पासाहेबाला हळूच म्हणाली, "बघा, दादांची किती भक्ती."

परतीला निघताना नवीनच घोळ झाला. आक्का गाडीत चढली ती थेट शिडीपाशी गेली आणि सोगा खोचायला लागली. सगळे धावले. आक्का, डॉक्टरनं चढायला मनाई केलीय, आता खाली झोपा. आक्का ऐकेना.

"माझी जागा वर हाय."

"अहो, पण दुखणं झालंय!"

"दुखणं उन्हानं झालं. मी खाली झोपले तर बद्रीला वर जावं लागंल. त्यानं येवढा मान दिला तो मी मोडू? मला न्हाई जमायचं."

आशाबाईनं समजावलं, द्वारकाबाईनं हात जोडले. द्वारकाबाईनं मग नवऱ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं. आता बोल, असं ते पाहणं होतं. बोललं की आक्का खाली येणार होती, हे खरं. पण खाली आल्यावर तिच्यापाशी काय उरणार होतं? देव हुकला, नवस अर्धा राहिला. या सगळ्या प्रवासातून ती एकच गोष्ट घरी घेऊन चालली होती, आणि ती खोटी होती.

बद्रीनाथ खाली उतरला आणि रामकिसनकडून बारा-तेराचा पाना मागून घेतला. गाडीत येऊन त्यानं वरच्या बर्थचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. आठ बोल्ट. अंगणात ते घट्ट करताना प्रत्येकाला त्यानं वर एक पीळ जास्त दिला होता, आता तो पीळ उलगडताना मनगट दुखलं. प्लायवूड निघालं, चौकट निघाली, शिडी निघाली. सगळं त्यानं टपावर नेऊन रामकिसनच्या खाटेशेजारी दोरीनं बांधलं. उजवीकडं एकच बर्थ उरला, खालचा, आणि त्याच्या वर थेट टप.

"आता तुझ्या वर कुणीच नाय आक्का," तो म्हणाला. "आता हीच वरची जागा."

आक्कानं वर बघितलं, खाली बघितलं. हिशेब तिला पटला. ती बर्थवर बसली आणि हातानं गादी दाबून पाहिली.

"आन् तू कुठं निजणार?"

"बाहेर. गाडीखाली."

"मातीत?"

"तू न्हवतीस का निजली?"

"येडं हाय," आक्का म्हणाली, पण हसली.

परतीचे तिन्ही मुक्काम बद्रीनाथ ताडपत्री टाकून मागच्या चाकाशी झोपला. आक्काच्या खिडकीत त्यानं स्टीलचा पेला ठेवला होता. पाणी लागलं, उतरायचं झालं, की पत्र्यावर वाजव, म्हणाला. ती वाजवायची. रात्रीतून दोनदा, कधी तीनदा. तो उठायचा, हात द्यायचा, परत आणून बसवायचा, तांब्या भरून द्यायचा. सकाळी तांब्या रिकामा सापडला की त्याला थोडं बरं वाटायचं, आणि गाडी सुरू झाली की ते बरं वाटणं मागं राहायचं.

याला चार वर्षं झाली. आक्का बरी झाली, पण पूर्वीची राहिली नाही. पाय सुजतात, दोन गल्ल्या चालली की बसते. गोष्ट मात्र ती चालवते आहे. लग्नात, बारशात, तेराव्याला, बायका जमल्या की ती गोष्ट निघते. पहिल्या वर्षी तो बर्थ होता. दुसऱ्या वर्षी गादीचा पलंग झाला. आता त्याला रेशमी पडदाही लागलाय.

गेल्या भाऊबीजेला बद्रीनाथ आणि द्वारकाबाई तिच्या गावी गेले होते. ओवाळून झालं, आक्का चुलीपाशी एकटी होती. बद्रीनाथानं पाट सरकवला आणि बसला. म्हणाला, "आक्का, त्या वरच्या जागेचं मला एकदा तुला खरं..."

"राहू दे," आक्का म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती, चुलीतलं लाकूड सारत होती. "काय सांगायचंय ते मला ठाऊक न्हाई आन् जाणून घ्यायचंबी न्हाई. ऐक. बापानं मला गाडीखाली निजवलं. सासरी मी चुलीपाशी निजले. नवरा गेल्यावर खळ्यात, राखणीला. उभ्या जन्मात मला कुणी वर जागा दिली न्हाई. तू दिलीस. ती आता मागू नगंस."

बद्रीनाथ तिच्याकडं बघत राहिला. तिला कळलेलं होतं की नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येईना. विचारायचा अधिकार तर त्याला नव्हताच.

तेवढ्यात शेजारची सरूबाई दोन नव्या सुनांना घेऊन पाया पडवायला आली. आक्का ओसरीवर जाऊन बसली, सुनांना पुढं बसवून घेतलं आणि गोष्ट सुरू केली. खडूचा नकाशा, अंगणातली बैठक, आप्पासाहेबाचं वा रं दादा, सगळं क्रमानं आलं. सुना तोंडात पदर धरून ऐकत होत्या. द्वारकाबाई दाराशी उभी होती, तिनं खाली बघितलं.

"समद्यांच्या म्होरं म्हणाला," आक्का म्हणाली, "आक्काच्या डोक्यावर मी पाय पसरू?" मग ती वळली. "व्हय ना रं, बद्री?"

सगळ्या बायका त्याच्याकडं बघायला लागल्या.

"व्हय, आक्का," तो म्हणाला.